हिंदुरावांच्या डाळिंबाचे शेवटचे कोंब

भवानी पेठेत आमच्या बोळात राहणाऱ्या वैजयंती येमूलच्या हातात बांगड्या नसतात, बोटात अंगठी नसते, नखं मांसाला लागतील इतकी कापलेली असतात. नव्यानं राहायला आलेल्या बायका आधी चुकीचाच अर्थ काढतात. मग कोणीतरी त्यांना सांगतं, की तिचा नवरा चांगला धडधाकट आहे, आणि ही बाई काचेच्या बाटल्यांत झाडं वाढवते.

तिचे वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. तुटलेला धागा चालत्या मागाशेजारी उभं राहून जोडायची सवय तिला लहानपणीच लागली. माग भंगारात गेले तेव्हा मोहोळच्या रस्त्यावरच्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेला न थरथरणारे हात हवे होते. तोंडाला पट्टी बांधून ती लॅमिनारसमोर, म्हणजे गाळलेल्या हवेच्या त्या काचपेटीसमोर, बसू लागली. चिमट्यानं कोंब धरायचा, ब्लेडनं कापायचा, बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. केळीचं काम सोपं. केळीचा तुकडा कुठंही ठेवा, तो फुटतो.

डाळिंब तसं नाही. त्याला ब्लेड लागली की जखमेतून काळा रस सुटतो, जेली काळी पडते आणि आपल्याच रसात कोंब मरून जातो. म्हणून सुरुवातीचे कितीतरी आठवडे त्याला रोज उचलून नव्या जेलीवर ठेवावं लागतं. एकाही दिवसाचा खाडा चालत नाही.

ते झाड मोहोळजवळच्या हिंदुरावांच्या बागेतलं होतं. सगळी बाग तेल्या रोगानं गेली होती. फळांवर तेलकट डाग पडत, मग ती उकलत. मधोमध एकच झाड स्वच्छ उभं होतं. शास्त्रज्ञ देवदत्त सर त्याच्याभोवती दिवसभर फिरले आणि फांद्या घेऊन आले. पहिली खेप काळी पडली. दुसरीही. तिसऱ्या खेपेला काही कोंब हिरवे राहिले, आणि ते वैजयंतीच्या हातचे होते. सर बाटली उजेडात धरून म्हणाले, "बाई, हे जगलं तर जिल्ह्यातल्या बागा जगतील." इतकं मोठं वाक्य तिला उद्देशून कधी कोणी बोललं नव्हतं. ती ते घरी घेऊन गेली, आणि आईला तेलुगूत सांगताना तिला ते नीट जमलं नाही.

हिंदुरावांनी फोनवर विचारलं होतं, "साहेब, शेजारी बोंब मारत्यात, रोगट बाग काढा म्हणून. त्या झाडाच्या दोन गुट्या बांधून ठिऊ का?" फांदीलाच मुळं फोडून केलेल्या गुटी कलमाबरोबर रोगाचे जंतूही जातात, असं सरांनी त्यांना समजावलं. ते खरंच होतं. बाटल्यांतलं हिरवं बघून सरांनी घाईनं शब्द दिला, "आमच्याकडे तुमचं झाड सुरक्षित आहे. तुम्ही बाग काढा." नवरात्राच्या आधी जेसीबी आला आणि ते स्वच्छ झाडही बाकीच्यांबरोबर गेलं. त्यानंतर ते फक्त वैजयंतीच्या फळीवर होतं.

खंडेनवमीला सर हैदराबादला परिषदेत होते. व्यवस्थापक उदयसिंह यांनी नारळ आणले, लॅमिनारला झेंडूच्या माळा घातल्या. नव्या कापडावर चिमटे आणि ब्लेडा मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं. ते वैजयंतीनंच वाहिलं, कारण या बाबतीत तिच्या घरचं शास्त्र पक्कं. दुपारीच सुट्टी झाली. बायका चपला घालत असताना ती उदयसिंहांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, डाळिंब राहिलंय."

"कुठलं डाळिंब?"

"सरांचं. रोज जेली बदलावी लागते की त्याला."

"अहो बाई, आत्ता पूजा झाली. तुम्हीच हळदकुंकू वाहिलं की. आता तोच चिमटा उचलणार? चालतं का तुमच्यात?"

चालत नव्हतं. पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. एकदा मालकाच्या तातडीसाठी वडिलांनी खंडेनवमीला माग चालवला होता आणि पट्ट्यात बोटं गेली होती. ती लहान असताना घडलेलं. घरात अजूनही कोणी त्याला अपघात म्हणत नाही.

"राहू दे की दोन दिवस," शेजारची सिद्धेश्वरी पर्स खांद्याला लावत म्हणाली. "तुझ्या डाळिंबालाबी सणाचा उपास घडू दे. आपल्याला रोजच घडतोय."

बायका हसल्या. वैजयंतीही हसली.

बसमध्ये तिला आठवलं, की कपाटात चिमट्यांचा एक सीलबंद संच आहे. तो पूजेत नव्हता. बस अजून शहरात शिरली नव्हती. उतरता आलं असतं. ती उतरली नाही. घरी आल्यावर तिनं आईला विचारलं, की नव्या, पूजेत नसलेल्या हत्यारानं काम केलं तर? आई पुरणाचं पातेलं उतरवत म्हणाली, "मुट्टकू." हात लावू नको. वैजयंतीला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टीच. सगळ्या गल्लीत तिनं आपट्याची पानं वाटली. तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवरच्या बाटल्या शाईच्या दौतींसारख्या दिसत होत्या. त्यातले कोंब उचलून, कापून, धुऊन ती संध्याकाळपर्यंत नव्या जेलीवर ठेवत राहिली. आठवडाभर ठेवत राहिली. एकही फुटला नाही.

सर ओरडले नाहीत. "विज्ञानाच्या जागेत तुम्ही काम बंद ठेवून पूजा करता?" एवढंच म्हणाले. उदयसिंह म्हणाले, "मी बाईंना अडवलं नव्हतं, सर." तेही खोटं नव्हतं. खिडकीतून खाली सरांची गाडी दिसत होती. तिच्या पुढच्या जाळीवर झेंडूची माळ सुकत होती.

पुढं कळलं, की त्या झाडाच्या पानांतला डीएनए डीप फ्रीजमध्ये होता. तो पूर्ण वाचून झाला. रोग कशामुळं अडत असावा, त्याचा काही अंदाजही लागला. सरांचा शोधनिबंध परदेशातल्या मासिकात आला. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. झाडाची अक्षरन् अक्षर ओळख आता जगात कुठंही बसून वाचता येते. त्यातून झाड मात्र उगवत नाही. वैजयंतीनं पेढा घेतला, पट्टी वर केली आणि खाल्ला.

हिंदुरावांना कोणी काही सांगितलं नव्हतं. रोपं कधी मिळणार, असं विचारायला त्यांचा फोन यायचा. ऑफिसातली मुलगी गोड आवाजात सांगायची, "प्रक्रिया चालू आहे, काका." हे तीनदा-चारदा कानावर आलं, तेव्हा एका रविवारी वैजयंती स्वतःच मोहोळला गेली.

बागेच्या जागी ज्वारी उभी होती. हिंदुराव बांधावरनं लगबगीनं आले. "या की ताई. रोपं आली व्हय?"

"नाही मामा. मेली ती."

"सगळी?"

"सगळी."

"रोग पडला आसंल."

"नाही. दोन दिवस मी जेली बदलली नाही."

"आजारी व्हता का?"

"खंडेनवमी होती. मग दसरा."

हिंदुरावांनी सावकाश मान हलवली. "मंग कसा लावणार हात! आमचा ट्रॅक्टरबी हुबाच व्हता त्या दिवशी." आणि घराकडं वळून हाक मारली, "अगं, च्या टाक."

येताना ती शिव्या खायची तयारी करून आली होती. ही समजूत तिला सोसवेना. "मामा, दुसरा चिमटा होता," ती म्हणाली. "पूजेतला नव्हता. मला उचलता आला असता."

"आसू द्या. सणाला सण म्हनायचा."

त्यांची बायको सोजरबाई दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातली कपबशी तिनं वैजयंतीपुढं ठेवली आणि शांतपणे विचारलं, "ताई, खंडेनवमीला आमी गुरांना पानी पाजलं. तुमच्याकडं पाजत न्हाईत का?"

"गप की तू," हिंदुराव म्हणाले. पण त्यांनी वैजयंतीकडं बघितलं नाही.

चहा गरम होता. तो संपेपर्यंत तिला तिथं बसणं भाग होतं.