वाक्य आधी खरं पाहिजे

गायकवाड बाईंना कुणी इंग्रजीत वाक्य बोलून दाखवलं, की त्या व्याकरण नंतर बघायच्या. आधी विचारायच्या, "हे खरं आहे का?" एखादं पोरगं ‘मी रोज व्यायाम करतो’ असं इंग्रजीत म्हणालं, तर त्याचा दंड दाबून बघायच्या. इंदापूरच्या शाळेतून निवृत्त होऊन अंथुर्ण्यात आमच्या शेजारी राहायला आल्या, तरी ही खोड गेली नाही.

मी चौथी नापास. कॅनडातली नात फोनवर काहीतरी म्हणाली, त्यातलं ‘गिव्ह अप’ आणि ‘टोबॅको’ एवढंच ध्यानात राहिलं. तिला मराठी येत नाही. पोराला अर्थ विचारणं मला कमीपणाचं, म्हणून बाईंकडं गेलो.

"गिव्ह अप म्हणजे सोडून देणं," बाई म्हणाल्या. "सवय, नोकरी, हट्ट, आशा, काहीही. नात म्हणतेय, तंबाखू सोडा."

"मग सोडली म्हणून सांगायचं कसं, तेवढं शिकवा."

"खिसा दाखवा."

खिशात पुडी होती, चुन्याची डबी होती.

"मी खोटं वाक्य शिकवत नाही, आबा."

"मग ऱ्हाऊ द्या. मी इंग्रजीच सोडलं."

"हे खरं आहे. बसा, हेच शिकू." तासभर माझ्याकडून ‘आय गेव्ह अप इंग्लिश’ घोकून घेतलं. पाठ झाल्यावर म्हणाल्या, "आता हेही खोटं झालं."

मी चार दिवस तिकडं फिरकलो नाही. पाचव्या दिवशी कुंपणावरून आवाज आला, "आबा, मी स्कूटी गिव्ह अप केली. दम लागतो. तुमचं काय?" माझ्या तोंडात तंबाखू होती, बोलता आलं नाही. बाईमाणसानं स्कूटी सोडली आणि आपल्याला पुडी सुटंना, हे काही मला सोसलं नाही. डबीसकट उकिरड्यात टाकली.

पुढं बाईंना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. एसटीनं गेलो. आधी दोन्ही खिसे उलटे केले, मग म्हणालो, "आय गेव्ह अप टोबॅको."

"कधीपासून?"

"ऊस लावला तवापसनं."

बाईंनी माझी बोटं हुंगली. "लावा फोन."

नातीला वाक्य म्हणून दाखवलं. ती काहीतरी बोलली.

"काय म्हणती?"

"खरं का, विचारतेय." बाईंनी फोन घेतला, दम खात इंग्रजीत काहीतरी सांगितलं आणि मला म्हणाल्या, "मी तपासलंय म्हणाले."

त्याच आठवड्यात बाई गेल्या. दहाव्याला घाटावर एका पाहुण्यानं पुडी पुढं केली. हात गेला माझा, खोटं कशाला बोलू. पण मागं घेतला. वाक्य बाईंनी तपासलेलं होतं. आता खोडलं तर नवं दाखवायचं कुणाला?