दारावर लावलेली पाटी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात पाट्या करायचं काम मला मिळालं, तोवर चंद्रपुरात दुकानांचे बोर्ड करण्यात माझी वीस वर्षं गेली होती. दिसत नाही त्यांना बोटांनी वाचता याव्यात अशा पाट्या मात्र पहिल्यांदाच करत होते. नियमांचं पुस्तक मागवलं, ब्रेलचे ठिपके जाणकाराकडून तपासून घेतले, चित्रं उठावाची केली. काम झाल्यावर मी स्वतःवरच खूश होते.

पाट्या लागल्या त्या दिवशी बाकावर एक म्हातारे आपल्या सुनेसोबत बसले होते. जन्मभर तलावात मासे धरलेले. काही वर्षांपूर्वी नजर गेली, तरी जाळी अजून स्वतःच विणतात, असं सून म्हणाली. अशी बोटं मला कुठे मिळणार होती? मी विचारलं, "भाऊ, एक पाटी चाचपून पाहता का?"

बायकांच्या संडासाच्या दारासमोर मी त्यांना उभं केलं. ते पाटीवरून बोटं फिरवत होते, तेवढ्यात आतून एका बाईने दार ढकललं आणि ते त्यांच्या कपाळावर आदळलं. टेंगूळ आलं. मी त्यांना बाकावर बसवून ओला रुमाल धरला.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाई, पाटी दारावर काऊन लावली? वाचणारा दारापुढंच उभा राह्यन ना. आतून कोणी आलं त मार बसनच."

पाटी दाराशेजारच्या भिंतीवर हवी, हे पुस्तकात होतं. मी ते पान घाईत उलटलं होतं. दुकानांच्या दारांवर पाट्या लावायची हाताला सवय, तशीच इथेही लावली.

"वाचता काय आलं?" मी विचारलं.

"हे ठिपके मले नाई समजत. शाळेतच गेलो नाई मी. अन् हा बेडूक कायचा हाय?"

तो बेडूक म्हणजे फ्रॉक घातलेल्या बाईचं चित्र होतं. मग काय असावं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बांगडी ठेवा."

"आणि पुरुषांकडे?"

"मिशा." सून पदराआड हसली.

दवाखान्याच्या साहेबांनी नियमातलं चित्र काढू दिलं नाही. ते आणि ब्रेल ठेवून मी खाली उठावाची बांगडी आणि मिशी जोडली, आणि सगळ्या पाट्या दारांवरून काढून शेजारच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला लावल्या. आधीच्या खिळ्यांची भोकं दारांवर राहिली.

पुढच्या तपासणीला ते आले तेव्हा मी मुद्दाम गेले होते. मधेच ते उठले आणि भिंतीला हात लावत एकटेच संडासाकडे निघाले. पहिल्या पाटीपाशी थांबले, बोटं फिरवली, पुढे गेले. दुसऱ्या पाटीपाशी थांबून आत शिरले. सून बाकावरच होती. सवयीने ती दोनदा अर्धवट उठली, आणि दोन्ही वेळा परत खाली बसली.