दुसऱ्याच्या पणजोबांची गोष्ट

दुबईत, जुमेरा लेक टॉवर्सच्या तळ्याकाठी, लंचच्या वेळी, एक जर्मन मुलगी बाकावर बसून काहीतरी पाठ करायची. विशीची असेल. अडखळली की मांडीवर चापट मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. एकदा मी विचारलंच.

"युरोपातल्या तरुणांचा प्रोजेक्ट आहे," ती म्हणाली. "शेजारच्या देशातला जोडीदार मिळतो. त्याच्या घरची युद्धातली गोष्ट मी सांगायची, 'मी' म्हणून. माझ्या घरची तो सांगणार."

"तुला कोणाची मिळाली?"

"पोलंडमधल्या एका पणजोबांची. त्यांचं गाव आमच्या लोकांनी जाळलं. 'माझं घर जाळलं' म्हणायची वेळ आली की रोज तिथेच अडखळते."

मी थक्क झालो. एवढीशी पोर, पण केवढं ओझं आपणहून उचललं होतं तिनं.

ऑफिसात माझा लाहोरचा सहकारी डबा उघडून बसला होता. नऊ वर्षं आम्ही एकत्र जेवतोय, पण क्रिकेटच्या पलीकडे कधी गेलो नाही.

"यल्ला, जल्दी आओ भाई, खाना ठंडा हो रहा है."

मी बसलो आणि विचारलं, "तुम्हारे दादा असल में कहाँ के थे?"

त्यानं हातातला घास परत डब्यात ठेवला. "जालंधर," तो म्हणाला, आणि त्या दिवशी आमचं जेवण खरंच गार झालं.