देवमनचा तलाव

देवमन मानूस वाईट नोता, पन गोडही नोता. लोकं मेल्यावर कोनालेही साधू करतात. हा तं अजून जिता आहे, म्हनून आधीच सांगून ठेवते. मी रुपाबाई, त्याची चुलतभावजय. त्याच्या शिव्या मी खाल्ल्या अन् माह्या त्यानं.

बहात्तरच्या दुष्काळात अनसिंगच्या वरच्या अंगाले तलावाचं काम निघालं. माती वाह्यली आमच्या बौद्धवस्तीनं. खायले काय, तं जहाजातून आलेली अमेरिकेची लाल जवारी, मिलो. भाकर थापता थापता फाटे. देवमन तवाच म्हने, उद्या त्याइचं जहाज नाई आलं तं काय मरता? आपल्या पान्यात आपलं अन्न झालं पाह्यजे. आमी हासलो. नरडं कोरडं अन् पान्याच्या गोष्टी करून राह्यला, बह्याड!

पानी पडलं, तलाव भरला. वस्तीनं सरकारातून तो मासे कराले मागून घेतला. मंग हा गडी मटक्यात माशाचं बी घेऊन आगगाडीनं जऊळक्याच्या टेसनावर उतरला. पिल्लं गुदमरू नये म्हनून वाटभर हातानं पानी हालवत बसला होता. तलावाच्या पाळीवर खोपडी बांधली अन् बायको रुख्मिणीले घेऊन तिथंच राह्यला. वस्ती तिथून लांब, हाक आयकू येत नाई.

त्याचा नेम असा, का मासा हातभर झाल्याबिगर काढाचा नाई, अन् सारे तं कधीच काढाचे नाई. बी राह्यलं तं दरसाल खासान, म्हने. गोष्ट खरी होती, पन खऱ्या गोष्टीनं पोट भरते का? कोन्या पोट्ट्यानं गळ टाकला तं त्याच्या बोटावर देवमनची काडी बसे. एका बाळंतिनीसाठी तिची माय मासा मागाले गेली, तिलेही हाकललं.

मंग रुख्मिणीलेच दिवस गेले. तिले डोहाळे लागले माशाच्या कालवनाचे. पोटुशीचा जीव मारू नये म्हनतात, म्हनून मी भांडाले गेली. तो म्हने, "आज घरच्या बाईले देलं, तं उद्या वस्तीले कोन्या तोंडानं नाई म्हनू?" रुख्मिणी बिचारी चिच चोखत बसली होती. माह्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

पोळ्याच्या आधी पंजाबरावाचा जवाई आला. पंजाबराव गावचा मोठा वावरवाला. जवायासाठी त्यानं मासे मांगितले, देवमननं त्यालेही नाई म्हटलं. पंजाबरावाले झोंबलं, काल जो आपल्या वावरात निंदत होता, तो आज नाई म्हनते! कपाशीवर फवाराचं जहर, एन्ड्रिन, त्याच्या गड्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे तलावात ओतलं.

सकाळी तलाव पांढरा दिसे, इतके मासे उलटे पडले होते. देवमन उठाच्या आत वस्तीतल्या बाया टोपले भरून घेऊन गेल्या होत्या. देवमनले माशासंग मेलेल्या बेंडक्या दिसल्या, मेलेला साप दिसला, अन् त्या काठाले जहराचा रिकामा डबा. तो तसाच वस्तीत पयाला.

घराघरात हांड्या चढल्या होत्या. यानं घरात घुसून लाथेनं हांड्या पाडल्या. जहर आहे, म्हने, खाऊ नोका. कोन आयकते? दोन सालं ज्यानं जिता मासा खाऊ देला नाई, तो आता मेलेलाही देत नाई, असंच वाटलं साऱ्याइले. मानसाइनं धरून त्याले मारलं. माह्या नवऱ्यानंही मारलं. तोंडातून रक्त गयत होतं तरी तो पुढच्या घरात शिरे. मंग माशाची मुंडकी खाल्लेलं एक कुत्रं सडकेवर पाय झाडत मेलं, तवा बायाइनं आपल्या हातानं हांड्या उकिरड्यावर उलट्या केल्या. वस्तीतलं एक लेकरूही गेलं नाई.

मी त्याचं तोंड धुऊन राह्यली होती. इचारलं, रुख्मिणीले सांगतलं का? तं हासला.

"तिले कायले सांगू? ती हात लावनार नाई."

मी त्याले ओढतच पाळीवर नेलं. रुख्मिणी दारात पडली होती, तोंडाले फेस. चुलीवर अर्धी हांडी उरली होती. देवमननं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले.

"म्या काढला नाई," ती म्हने. "मेलेला होता, काठाले लागला होता. मेलेल्याले कायचा नेम?"

त्यानं सांगतलं, का जहर होतं, साऱ्या वस्तीले सांगून आलो.

"मंग मले सांगाले काहून नाई आले?"

बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली, पोटातल्यासकट.

मयतीले सारी वस्ती आली. येनारच, त्याच्याच पायी वस्ती जिती होती ना! परत येताना त्याच बाया अन् तेच मानसं देवमनच्या मागं चालता चालता बोलत होते. मी माह्या कानानं आयकलं. म्हनत होते, आपल्याले काड्या मारे अन् बायकोले चोरून खाऊ घाले. नाईतं आपल्या हांड्या पाडल्या अन् तिच्याच घरी हांडी कशी शिजली?