मधलं मॉडेल

आमचे मामा चौकशी केल्याशिवाय साधं कलिंगडही घ्यायचे नाहीत. आधी विकणाऱ्याला विचारायचे, मग शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला, आणि घरी कापल्यावर ते गोड निघालं का हे मामीला. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ ही म्हण त्यांच्यापर्यंत अर्धीच पोचली होती. ते ऐकायचेही जनाचे आणि करायचेही जनाचेच, त्यातही जो शेवटी भेटेल त्याचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर स्टोअर सांभाळलं, पण घरात कोणता कूलर घ्यावा हे ठरेपर्यंत उन्हाळा सरायचा. मी चिडलो की म्हणायचे, “चार लोकांना इचारलं म्हंजी चूक झाली तरी चौघांची होती, बाबा. एकट्याच्या डोक्याला ताप नाय.” मामा आता नाहीत. रस्त्यावर नव्या मॉडेलची गाडी दिसली, की त्यांचा फोन येईल असं मला अजून वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, पण कडेचं दिसणं कमी होत जाणार आणि कधीतरी गाडी सोडावी लागणार. मामांनी बाहेर येऊन मला एवढंच विचारलं, “मग हिला फर्दापूरला कोण नेईल रे?” मामीची म्हातारी आई फर्दापूरला एकटीच राहायची. मामीच्या गुडघ्यांना एसटीच्या पायऱ्या झेपत नव्हत्या आणि मामा-मामींचा मुलगा पुण्यात. मामाच जुन्या गाडीतून मामीला आईकडे न्यायचे. म्हणून त्यांनी ठरवलं, खरं तर ठरवायला सुरुवात केली, की डोळे आहेत तोवर मामीला चालवता येईल अशी गाडी घ्यायची. रस्त्यासाठी थोडी उंच आणि शहरात वळवायला सोपी, म्हणजे छोटी एसयूव्ही. पुढे डोळ्यांच्या आधी हृदयच थांबलं, पण तेव्हा ते कुणाला माहीत होतं!

मी वाळूजला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. दरवाज्यांना लागतात त्या रबरी पट्ट्या आम्ही बनवतो. पावसाचं पाणी आत येणार नाही, एवढीच हमी मी कुठल्याही गाडीबद्दल देऊ शकतो. मामांच्या लेखी मात्र भाचा ‘गाड्यांच्या लाइनीतला’ होता. रोज एक नवा शब्द घेऊन ते यायचे, मी तो मोबाइलवर शोधायचो आणि मग दोघंही आधीपेक्षा जास्त गोंधळायचो.

आधी इंजिनाचाच घोळ संपेना. शेजारचे टॅक्सीवाले म्हणाले, फर्दापूरच्या वाटेवर घाट आहे तर डिझेलच. जुने सहकारी म्हणाले, आता डिझेल कोण घेतं, सीएनजी घ्या. सीएनजीचा सिलिंडर डिकी खातो हे कळल्यावर मामा हवालदिल झाले, कारण फर्दापूरहून सासूबाई गव्हाचं पोतं दिल्याशिवाय सोडत नसत. व्याही इलेक्ट्रिकच्या बाजूचे. पण जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, मध्ये एसी, वर घाट, हा हिशेब त्यांनाही धड सांगता येईना. पुण्याहून मुलगा म्हणायचा, हायब्रिड घ्या. मामांना हायब्रिड म्हटलं की ज्वारी आठवायची, आणि तिच्या भाकरीबद्दल त्यांचं मत काही चांगलं नव्हतं. सकाळी पेट्रोलचे असलेले मामा दुपारी डिझेलचे व्हायचे आणि संध्याकाळी कट्ट्यावरून टर्बो होऊन परतायचे.

इंजिन जरा बसतंय म्हणावं तोवर मॉडेलचं त्रांगडं पुढे आलं. बेस मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक गिअर नाहीत. मधल्यात आहेत, पण जास्त ताकदीचं टर्बो इंजिन नाही. टर्बो टॉपला आहे, पण त्याचं ऑटोमॅटिक निराळं, आणि ते ट्रॅफिकमध्ये तापतं असं एकानं कानात सांगितलेलं. चारी बाजूंचे कॅमेरे टॉपलाच, आणि टॉप घ्यायचं तर सनरूफही गळ्यात. सनरूफ म्हणजे छत उघडून वर आकाश दिसतं हे ऐकल्यावर मामांनी शोरूममधल्या मुलीला अगदी प्रामाणिकपणे विचारलं, “आपल्याकडं ऊन काय कमी पडलं का, बाई?” तीही हसली. पण ‘टॉप मॉडेल विकताना भाव येतो’ असं कुणीतरी म्हटल्यामुळे मामा पुढचे कितीतरी दिवस छत उघडावं की न उघडावं या विवंचनेत होते.

शेवटी सगळे मिळून टेस्ट ड्राइव्हला गेलो. मामांकडे घरात मोठी वस्तू यायची तर आधी थोरल्या भावाचा हात लागला पाहिजे, असा रिवाज. म्हणून शेंद्र्याजवळच्या शेतावरून थोरले दादा आले. ट्रॅक्टरखेरीज काही न चालवलेले दादा सगळ्यांत आधी स्टिअरिंगवर बसले, त्यांनी हॉर्न वाजवला आणि “दमदार हाय” असं सांगून उतरले. मग मुद्दाम पुण्याहून आलेल्या मुलानं चालवली, मग मी, मग मामांनी. प्रत्येकानं वेगळं मत दिलं. परत आल्यावर शोरूममधल्या त्या मुलीनं साधा प्रश्न केला, “गाडी चालवणार कोण?” आम्ही सगळ्यांनी मागच्या सीटकडे बोट दाखवलं. तिथं मामी पर्स मांडीवर घेऊन इतका वेळ गुमान बसली होती. एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की तिला पुढे बसवून बघावं. आम्हा सगळ्यांच्या अकलेचं काय म्हणावं, मला कळत नाही.

मामी पुढे येऊन बसली. तिला बॉनेट दिसेना. मुलीनं कडेचा खटका ओढला आणि सीट वर आली. ही सोय बेसमध्ये नाही, मधल्या मॉडेलपासून पुढे आहे, असं ती म्हणाली. मामीनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, समोर पाहिलं आणि हात काढून घेतले. “तुमचे डोळे जायची तयारी मी आजपासून करू व्हय?” एवढंच ती मामांना म्हणाली आणि खाली उतरली. थोरले दादा खोकले. त्या दिवशी बुकिंग झालं नाही.

त्यानंतर मामांनी कुणालाच काही विचारलं नाही. मलाही फोन नाही. कट्ट्यावरच्या लोकांना वाटलं, ते आजारी आहेत. मग एका दुपारी ते एकटेच जाऊन साध्या पेट्रोलची, ऑटोमॅटिक, मधल्या मॉडेलची गाडी बुक करून आले. रंगसुद्धा विचारला नाही. मामीला म्हणाले, “शिकायचं नसंल तर नको शिकू. मी हाय तवर मी चालवतो. पण गाडी तुझ्या मापाची घेतलीय.”  मामी म्हणाली, शिकते, पण तुम्ही शेजारी बसायचं.

रविवारी शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर शिकवणी चालायची. “डावा पाय इसरायचा,” असं मामा बजावायचे, आणि स्वतः चालवताना नसलेला क्लच समजून डाव्या पायानं असा ब्रेक मारायचे की आमची डोकी पुढे आपटायची. मामी लवकर शिकली, पण शहराबाहेर चालवायला तयार होईना. ‘हे आहेत ना’ म्हणायची. टर्बो घ्यायला हवी होती असं म्हणणारे अजून भेटतात, इलेक्ट्रिक घ्यायला हवी होती म्हणणारे तर जास्तच भेटतात. आम्ही बरोबर गाडी घेतली की चुकलो, मला अजून सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही फर्दापूरला निघालो होतो. मी मागे बसलो होतो. अजिंठा गाव सोडलं आणि डाव्या कडेनं मेंढरं रस्त्यावर आली. मामी ओरडली तेव्हा कुठे मामांनी ब्रेक दाबला. अगदी पुढ्यातलं मेंढरू थोडक्यात वाचलं. मेंढपाळ काठी आडवी धरून नुसता बघत राहिला. कळप पार झाला. मामांना ती मेंढरं दिसलीच नव्हती. मग त्यांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले, बॉनेटला हात लावत लावत वळसा घालून डावीकडे आले आणि मामीच्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

मामी उतरली, पलीकडे जाऊन बसली. तिनं खटका ओढून सीट वर घेतली, आरसा वळवला. पुढे घाटाचा उतार सुरू होत होता.

“दिसतंय ना नीट?” मामांनी विचारलं.

“मला दिसतंय,” मामी म्हणाली. “तुम्ही बेल्ट लावा.”