मिनिटाला अठरा

कर्नलबाईंची आणि चिमणीची पहिली भेट झाली तेव्हा सर्जिकल वॉर्डातल्या बत्तीस खाटा आपोआप एका रेषेत आल्या, कालच अपेंडिक्स काढलेले एक गृहस्थ टाके विसरून उठून बसले आणि सलाइनचे थेंबसुद्धा परवानगी घेऊन पडू लागले, असं सांगतात. यात थोडी अतिशयोक्ती असेल. खाटा एकतीसच होत्या. कर्नलबाई म्हणजे वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. चिमणी म्हणजे त्या दिवशी रुजू झालेली, चाळीस किलोंची नवी नर्स. "जेवतेस की नुसती हवा खातेस?" हा बाईंचा तिला पहिला प्रश्न.

त्याला चौदा वर्षं झाली. चिमणी शिकत शिकत नर्सिंग कॉलेजात प्राध्यापक झाली. मग इस्पितळाने एक नवं पद काढलं: पेशंटला स्वतः तपासून, उपचार ठरवून, स्वतःची ओपीडी चालवणारी नर्स. त्यासाठी नर्सिंगमधली मास्टर्स पदवी हवी, आणि वय पन्नासच्या आत. सव्वीस वर्षं कोवळ्या डॉक्टरांच्या चुका त्यांच्या नकळत निस्तरणाऱ्या बाईंना ते पद इतकं हवं होतं, की त्यांनी ओपीडीच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून टाकला. आणि कॉलेजात नाव घातलं.

"या वयात लोक गुडघे बदलतात," नवरा इस्त्री करता करता म्हणाला.

"तुम्ही गुडघे बदला. मी खुर्ची बदलते."

वर्गात शिकवायला नेमकी चिमणी. तिला मॅडम म्हणायची वेळ आली की बाई पिशवीत पेन शोधू लागत.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत खाटेवर रबरी बाहुला होता. आतल्या यंत्राने त्याची छाती हलायची, नाडी लागायची. त्याला तपासायचं आणि काय झालंय ते सांगायचं. बाईंनी पोट चाचपलं, पायांची सूज पाहिली, "घाबरू नका हं, काका," असा बाहुल्याला धीरही दिला. मग चार्ट झरझर भरला. ताप, नाडी, रक्तदाब, श्वास मिनिटाला अठरा. पेशंट ठीक.

चिमणीने चार्ट पाहिला, मग बाहुल्याकडे पाहिलं.

"सिस्टर, श्वास किती?"

"अठरा."

"मोजलेत?"

बाई वळल्या. बाहुल्याची छाती भात्यासारखी चालली होती. यंत्र बत्तीसवर लावलेलं. सगळा प्रश्न त्यातच होता. फुप्फुसात गुठळी अडकली होती बिचाऱ्याच्या.

त्याचं असं आहे, की श्वास मोजायला अख्खं मिनिट लागतं, आणि वॉर्डात मिनिट कुणाकडे असतं? नाडी मोजायची, ताप घ्यायचा आणि श्वासाच्या रकान्यात अठरा टाकून मोकळं व्हायचं. सव्वीस वर्षं बाईंच्या वॉर्डात सगळी माणसं एकाच तालात श्वास घेत होती. चिमणीला हे शिकवलंही बाईंनीच. तिच्या पहिल्या आठवड्यात ती घड्याळ धरून एका आजोबांच्या छातीकडे बघत उभी होती. "मुहूर्त बघतेयस का? अठरा लिही आणि पुढे चल." चिमणीने लिहिलं. दुपारी आजोबांना धाप लागून आयसीयूत हलवावं लागलं. चार्टवर अठराच होतं. दोघींनी तो विषय पुन्हा कधी काढला नव्हता.

"चार मिनिटं आहेत अजून," चिमणी हळूच म्हणाली. "परत मोजा."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना उत्तर देता आलं असतं.

"नको, मॅडम. लिहिलंय ते राहू दे."

घरी नवऱ्याने विचारलं, "कशी झाली परीक्षा?"

"बाहुला गेला."

तो मनापासून हसला. बाई मेथी निवडत बसल्या आणि देठं ठेवून पानं टाकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्या पहिल्या खाटेपाशी घड्याळ घेऊन मिनिटभर उभ्या राहिल्या. पेशंटच्या तोंडचं पाणी पळालं.

"सिस्टर, काही गंभीर आहे का?"

बाईंचे कान लाल झाले. "बोलू नका. मोजणी चुकते."

सहा महिन्यांनी फेरपरीक्षेत बाई पास झाल्या. तोवर त्या पदाची वयोमर्यादा उलटून तीन आठवडे झाले होते.