पंचफुलाबाई बारवेत उतरल्या

पंचफुलाबाई मोताळ्याच्या एका कॉलेजात शिपाई. चोवीस वर्षं घंटा दिली, माठ भरले, फळे पुसले. घंटा एकदाही उशिरा झाली नाही. मी रस्त्याच्या कामावर गिट्टी पसरण्यात जन्म घालवला, म्हणून सांगतो: तेच काम रोज तितकंच नीट करणं सोपं नसतं.

कॉलेजची इतिहासाची सहल दर वर्षी निघते. मुली असल्या की सोबत बाई हवी, असा नियम आहे. मॅडम लोकांच्या घरी नेमकं त्याच दिवशी कोणीतरी आजारी पडतं. म्हणून कागदावर पंचफुलाबाईंचं नाव लागतं. अकरा सहली झाल्या. रोहिणखेडची मशीद, सिंदखेडराजाची पायऱ्यांची बारव, लोणारचं देऊळ, सगळीकडे त्या बाहेर बसून पोरांच्या बॅगा राखत.

यंदाची सहल त्यांची शेवटची. मार्चअखेर निवृत्ती. स्वयंपाकाची भांडी, मोठाले गंज-पातेली चढवायला-उतरवायला दर सहलीला मी असतोच. गाडीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"पंजाबभाऊ, यंदा मी बारवेत उतरतो. वरून पाहू पाहू डोये दुखले."

"अन् घुडघा?"

"थो बी संगंच येते."

सिंदखेडराजाला आम्हाला उतरवून ड्रायव्हर नेहमीसारखा गाडी घेऊन डिझेल भरायला गेला. बारवेच्या तोंडाशी पोरांनी बॅगांचा ढीग घातला. त्यावर इतिहासाच्या भालचंद्र सरांनी आपली बॅग ठेवली.

"मावशी, लक्ष ठेवा हं."

"आज नाही सर. मी खालतं चालली."

सर गडबडले. "मग बॅगा?"

मी म्हणालो, "मी बसतो."

"तुमी काऊन बसता?" पंचफुलाबाई माझ्यावरच घसरल्या. "सकायपासून गंज उचलून राह्यले, तेवढं पुरे. ज्याची बॅग त्यानं न्यावं."

पायल नावाची पोरगी रडवेली झाली. फोटोसाठी तिनं चार ड्रेस आणले होते. अश्वजितच्या बॅगेत गाण्याचा भोंगा होता, बैलाच्या डोक्याएवढा.

"मावशी, लय जड हाये व," तो म्हणाला.

"मंग आणला कायले बे? मले वाटलं, तुले हलका लागते. दरसाल मायाच मांडीवर तं ठेवतं."

पोरं हसली. सरांनी हळूच विचारलं, "माझी पण न्यायची?"

"सर, इतिहास तुमचाच हाये."

सरांनी बॅग उचलली. आत दोन जाड पुस्तकं आणि थर्मास. अडतीस पोरं ओझ्यासकट खाली निघाली. कोणी धापा टाकी, कोणी शिव्या गिळी. पंचफुलाबाई शेवटी. एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, मग पुढची पायरी. दोनदा बसल्या. अश्वजितनं हात पुढे केला.

"तुया हातात भोंगा हाये. थो सांभाळ."

खाली सरांनी पुस्तक उघडून काळ, शैली, राजवट सांगायला घेतली. पंचफुलाबाई कोरीव मूर्तींपाशी एकेक करून थांबत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "सर, हे दगड खालतं आणले कसे?"

सरांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. "याच्यात ते दिलेलं नाही."

पोरं दगडांकडे पाहू लागली. घामेजलेली होती, खांदे चोळत होती. पायलनं एका दगडाला खांदा लावून पाहिला. मला ते आवडलं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "चला, लोणारला उशीर होईल."

पंचफुलाबाईंच्या चार मूर्ती राहिल्या होत्या. त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. "मी अकरा वर्सं वरतं बसली. तुमी अर्धा घंटा खालतं बसा."

सर पायरीवर बसले. मग सगळेच बसले. बाईंनी चारही मूर्ती सावकाश पाहिल्या, धूळ होती ती पदरानं पुसली. मग पदर झटकून आल्या.

"कशी वाटली बारव?" सरांनी विचारलं.

"वरून लहान दिसे," त्या म्हणाल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.